वाटाड्या पुस्तकाची निवड

फाल्गुन सरत आला कीं शहरांतील घराघरांत एकच विषय निघतो : मुलांच्या परीक्षा संपल्यावर जावयाचें कोठें? मतें चार निघतात, वाद दोन दिवस चालतो, आणि पुण्या-मुंबईकडील बहुतेक घरांचें मन शेवटीं कोंकणाकडे वळतें. घाट उतरला कीं समुद्र, नारळी-पोफळीच्या बागा, आंबे, मासे, जागोजाग देवळें आणि किल्ले. लहानाथोरांपैकीं प्रत्येकाच्या वाट्याला कांहीं तरी येतेंच. स्थळ ठरलें म्हणजे खोल्यांची चौकशी होते, रजेचा अर्ज जातो, माळ्यावरच्या पिशव्या खालीं येतात. एका गोष्टीचा विचार मात्र सर्वांत शेवटीं आणि तोहि उभ्या उभ्या होतो. प्रवासांत सोबत पुस्तक कोणतें घ्यावयाचें, ही ती गोष्ट होय.

हें काम क्षुल्लक वाटावें हें साहजिक आहे. कारण अशा पुस्तकाची किंमत सबंध कुटुंबाच्या एका वेळच्या जेवणाहून बहुधा कमीच असते. परंतु चार दिवसांची सुटी, पांच माणसांचा उत्साह आणि वर्षभर बाजूला टाकलेले पैसे हीं सर्व त्या पुस्तकाच्या शब्दावर खर्ची पडतात. भाजी वाईट निघाली तर दुसऱ्या दिवशीं दुसरी आणतां येते. सुटींतला फुकट गेलेला दिवस कोणत्याहि बाजारांत पुन्हां मिळत नाहीं.

सदाशिव पेठेंतील एका कुटुंबाचें उदाहरण या बाबतींत ध्यानांत घेण्यासारखें आहे. घरांत गृहस्थ, त्यांची पत्नी, शाळेंत जाणारीं दोन मुलें आणि गृहस्थांच्या मातोश्री. मातोश्रींचें वय ७८. माहेर दापोली तालुक्यांतलें. लग्नापूर्वीं एकदां वडिलांबरोबर त्या आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गेल्या होत्या. खाडी होडीनें ओलांडली होती आणि पुढची चढण पायीं चढली होती. उजव्या सोंडेची ती मूर्ति, कड्यावरून दिसणारा समुद्र आणि त्या समुद्रांतला सुवर्णदुर्ग हीं त्यांच्या मनांतून ६० वर्षांत हललीं नव्हतीं. यंदा दापोलीचा बेत ठरतांच त्या एवढेंच म्हणाल्या, "जमलें तर मला एकदां कड्यावरच्या गणपतीला घेऊन चला रे."

गृहस्थ अप्पा बळवंत चौकांतून एक पुस्तक घेऊन आले. वेष्टण गुळगुळीत, वर निळा समुद्र, आंत रंगीत चित्रें. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं आंजर्ल्याचें पान काढून मोठ्यानें वाचलें. खाडी होडीनें ओलांडावी लागते, पुढें उभी चढण आहे, वृद्धांनीं हा प्रयत्न करूं नये, असा त्यांतील मजकुराचा आशय होता. घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग मातोश्रीच म्हणाल्या, "असूं दे. मी हर्णैला बसून तिकडे हात जोडीन. तुम्ही मुलांना दाखवून आणा." विषय तेथेंच संपला असता. तो कां संपला नाहीं हें कळावयास चांगलें वाटाड्या पुस्तक म्हणजे काय, याचा थोडा विचार केला पाहिजे.

प्रथम, हातांत आहे तें पुस्तक कोणत्या जातीचें, हें ओळखावें. प्रवासवर्णन आणि वाटाड्या पुस्तक या दोन निराळ्या वस्तु आहेत. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनीं १८५७ च्या धामधुमींत उत्तर हिंदुस्थानांत केलेल्या प्रवासाचा वृत्तांत 'माझा प्रवास' या नांवानें १९०७ सालीं चिंतामणराव वैद्यांनीं प्रसिद्ध केला. मराठींत त्याला तोड नाहीं. पण तो वाचून झांशीस उतरावें कोठें हें कळत नाहीं, आणि तें सांगण्याचा त्याचा दावाहि नाहीं. प्रवासवर्णन हें लिहिणारा काय पाहून आला तें सांगतें. वाटाड्या पुस्तकानें, वाचणारा जाईल तेव्हां त्याला काय आढळेल, तें सांगावयाचें असतें.

तिसरी जात गॅझेटियरची. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं मुंबई इलाख्याचें गॅझेटियर निघालें. त्याचा रत्नागिरी आणि सावंतवाडी यांवरील दहावा खंड १८८० सालीं प्रसिद्ध झाला. जमीन, पिकें, जाती, व्यापार, इतिहास आणि शेवटीं एकेका गांवाची हकीकत असें त्याचें स्वरूप आहे. ज्याला कोंकण समजून घ्यावयाचें आहे त्यानें तो खंड घरीं किंवा ग्रंथालयांत बसून अवश्य चाळावा. पण तो पिशवींत घालून नेण्याचा ग्रंथ नव्हे. चौथी जात देवस्थानांच्या दारांत मिळणाऱ्या माहात्म्यपुस्तिकांची. त्यांत त्या देवाची कथा भक्तिभावानें सांगितलेली असते. शेजारच्या गांवीं जाण्याची वाट मात्र त्यांत शोधूं नये. आणि पांचवी जात जाहिरातीची. तिच्यांत प्रत्येक किनारा रम्य, प्रत्येक खोली हवेशीर आणि प्रत्येक ताट रुचकर असतें. या सर्वांना दुकानांत एकाच फळीवर जागा मिळते. म्हणून घोटाळा होतो.

खऱ्या वाटाड्या पुस्तकाचा इतिहास सुमारें दोनशें वर्षांचा आहे. लंडनचे प्रकाशक जॉन मरे यांचें युरोपखंडाच्या प्रवासाचें हस्तपुस्तक १८३६ सालीं निघालें. त्याच काळांत जर्मनींतील कोब्लेंट्स या ऱ्हाईनकांठच्या शहरीं कार्ल बेडेकर नांवाचा पुस्तकविक्रेता याच उद्योगाला लागला होता. नांव ऐकून मराठी माणसास तो गुहागरकडचा वाटेल. पण तो अस्सल जर्मन होता. प्रवाशाला हमाल, खानावळवाले आणि भाडोत्री वाटाडे यांच्या हातीं न पडतां आपल्या पायांवर हिंडतां यावें, हा त्याचा हेतु. त्याच्याविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, मिलान येथील मोठ्या चर्चच्या माथ्यावर चढत असतां तो दर वीस पायऱ्यांस थांबे आणि एका खिशांतला वाटाणा दुसऱ्या खिशांत टाकी. उतरतांना पुन्हां तसेंच मोजून ताळा पाही. आख्यायिका खरी असो वा नसो, वाटाड्या पुस्तकाचा धर्म तींत पुरता आला आहे. ज्यानें पायऱ्या मोजल्या नाहींत त्यानें म्हाताऱ्या माणसाला 'चढा' म्हणूं नये, आणि 'चढूं नका' असेंहि म्हणूं नये. बेडेकर १८५९ सालीं वारला. त्याच वर्षीं मरे यांच्या मालेंत एडवर्ड ईस्टविक यांनीं तयार केलेलें मद्रास आणि मुंबई इलाख्यांचें हस्तपुस्तक प्रसिद्ध झालें.

आतां दुकानांतल्या फळीपुढें उभें राहिल्यावर करावयाचें काय? पहिली गोष्ट, वेष्टण न पाहतां मुखपृष्ठामागील पान उलटावें. तेथें आवृत्तीचें साल असतें. 'आवृत्ति' आणि 'पुनर्मुद्रण' यांतील भेद येथें महत्त्वाचा आहे. नव्या आवृत्तींत मजकूर तपासला जातो, निदान जावयास हवा; पुनर्मुद्रणांत जुनाच मजकूर नव्या कागदावर उतरतो. कित्येकदां पुस्तकाचें वेष्टण यंदाचें आणि आंतील माहिती मागच्या पिढींतली असते. तिचें वय काढण्याच्या कांहीं सोप्या खुणा कोंकणापुरत्या सांगतां येतात. मालवण रत्नागिरी जिल्ह्यांत आहे असें लिहिलें असेल, तर मजकूर १९८१ पूर्वींचा. कारण त्या वर्षीं सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. अलिबागेच्या जिल्ह्यास कुलाबा म्हटलें असेल, तरीहि तेंच. कारण तें नांव बदलून रायगड झालें तेंहि १९८१ सालींच. कोंकण रेल्वे 'होणार' असेल, तर मजकूर १९९८ च्या जानेवारीपूर्वींचा. त्या महिन्यांत रोह्यापासून मंगळुराजवळील ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरांचा मार्ग संपूर्ण खुला झाला.

आणखी अलीकडच्या खुणाहि आहेत. रत्नागिरी-राजापुराकडील जांभ्या दगडाच्या सड्यांवर उक्षी, कशेळी, बारसू अशा ठिकाणीं प्राचीन माणसानें कोरलेलीं हत्ती, मासे, मानवाकृति यांचीं प्रचंड चित्रें आहेत. त्यांना कातळशिल्पें म्हणतात. २०२२ सालीं त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत समावेश झाला. ज्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख नाहीं तें एक तर जुनें आहे, नाहीं तर आळशी आहे. तसेंच २०२५ च्या जुलैंत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशांत गणले गेले. त्यांपैकीं खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार कोंकणकिनाऱ्यावरचे आहेत. नव्या म्हणविणाऱ्या पुस्तकास हें ठाऊक असलें पाहिजे.

दुसरी कसोटी अशी कीं, आपल्या माहितीच्या गांवाचें पान आधीं वाचावें. प्रत्येक घरांत कोणाचें तरी आजोळ, कोणाची तरी कुलदेवता, कोणाची तरी नोकरीची जुनी जागा असतेच. परक्या मुलखाविषयीं पुस्तक खरें बोलतें कीं नाहीं हें घरीं बसून कळत नाहीं. पण जें गांव आपल्या पायांखालचें आहे त्याविषयीं तें काय म्हणतें हें पांच मिनिटांत पारखतां येतें. जो लेखक ओळखीच्या गांवीं देवळाचें तोंड चुकीच्या दिशेस दाखवितो, तो अनोळखी गांवीं बरोबर दाखवील असें समजण्यास आधार नाहीं.

तिसरी कसोटी, लेखक ऐकीव गोष्ट तपासतो कीं नुसती पुढें ढकलतो, ही होय. त्यासाठीं विजयदुर्गाचें पान उत्तम आहे. पुष्कळ ठिकाणीं असें लिहिलेलें आढळतें कीं, १८६८ च्या सूर्यग्रहणाच्या वेळीं नॉर्मन लॉकयर या इंग्रज ज्योतिर्विदानें विजयदुर्गावरून सूर्याचें निरीक्षण करून हेलियम वायूचा शोध लावला. वाक्य ऐकावयास मोठें गोड आहे. परंतु त्यांत दोन निराळ्या ग्रहणांची गांठ पडली आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचें निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनीं आंध्रांतील गुंटूर येथून केलें. लॉकयर त्या वेळीं इंग्लंडांत होते. त्यांनीं २० ऑक्टोबर १८६८ रोजीं, ग्रहण नसतांना, सूर्याच्या कडेच्या प्रकाशांत ती पिवळी रेषा पाहिली, आणि तीवरून पुढें हेलियमचें नांव पडलें. पृथ्वीवर तो वायु रॅमसे यांनीं १८९५ सालीं मिळविला. लॉकयर विजयदुर्गास आले हें मात्र पूर्ण सत्य आहे. पण तें २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठीं. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' हे त्यांच्या नांवाशीं जोडलेले आहेत. म्हणजे खरी हकीकत खोट्या हकीकतीहून कमी मनोवेधक नाहीं. फक्त ती शोधण्याचे कष्ट घ्यावे लागतात. ज्या पुस्तकानें हे कष्ट घेतले आहेत त्याच्या इतर पानांवर विश्वास ठेवावयास हरकत नाहीं.

चौथी कसोटी नकाशाची. कोंकणच्या नकाशावर दोन गांवें बोटभर अंतरावर दिसतात आणि प्रत्यक्षांत मध्यें अर्धा दिवस जातो. कारण मध्यें खाडी असते. दाभोळ आणि धोपावे हीं वाशिष्ठीच्या मुखाशीं समोरासमोर वसलेलीं आहेत. फेरीबोटीनें, मोटारीसकट, पलीकडे जाण्यास थोडा वेळ पुरतो. पण बोट चुकली तर चिपळुणावरून मोठा वळसा घालावा लागतो. बागमांडल्याहून वेसवीस, दिघीहून आगरदांड्यास आणि जयगडाहून तवसाळास जातांनाहि हाच हिशेब आहे. म्हणून ज्या पुस्तकांत नुसते किलोमीटर दिले आहेत तें अर्धेंच पुस्तक समजावें. कोणत्या खाडीवर पूल आहे, कोणत्या खाडीवर बोट आहे, आणि वाटेला वेळ किती लागतो, हें ज्यांत आहे तें पुरें. बोटींच्या वेळा बदलतात. त्यामुळें चांगलें पुस्तक वेळा छापून मोकळें होत नाहीं, तर निघण्यापूर्वीं विचारून घ्या असें बजावतें.

पांचवी कसोटी ऋतूची. समुद्र बाराहि महिने सारखा नसतो. पावसाळ्यांत मालवणहून सिंधुदुर्गास आणि मुरूडकडून जंजिऱ्यास जाणाऱ्या होड्या बंद असतात. हें न सांगणाऱ्या पुस्तकामुळें किनाऱ्यावर उभें राहून लांबूनच किल्ला पाहण्याची पाळी येते. मंडणगड तालुक्यांतील वेळास हें नाना फडणविसांचें गांव. तेथें २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साह्यानें समुद्री कांसवांच्या अंड्यांचें रक्षण केलें आहे. अंड्यांतून निघालेलीं पिलें समुद्राकडे जातांना पाहणें हा मुलांच्या दृष्टीनें अपूर्व सोहळा. पण तो साधारण फेब्रुवारी ते एप्रिल एवढ्याच काळांत, आणि तोहि पहांटे व सायंकाळीं. 'वेळास : कांसवांसाठीं प्रसिद्ध' एवढेंच छापणारें पुस्तक दिवाळींत गेलेल्या मुलांची निराशा करील.

सहावी कसोटी सूचीची. पुस्तकाच्या शेवटीं स्थळांची अकारविल्हे सूची नसेल तर तें खालीं ठेवावें. सूची असेल तर तींत 'मुरूड' हें नांव काढावें. मुरूड दोन आहेत. एक जंजिऱ्याजवळचें, रायगड जिल्ह्यांतलें, आणि दुसरें दापोली तालुक्यांतलें, महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव. ज्या सूचींत दोन्हींची नोंद निरनिराळी आहे तिचा कर्ता जागरूक आहे. जींत दोन्हींचीं पानें एकाच नांवापुढें आलीं आहेत, ती प्रवाशाला एका मुरुडाहून दुसऱ्या मुरुडाच्या खानावळींत जेवावयास पाठवील.

सातवी कसोटी सर्वांत गंभीर आहे. पुस्तक कधीं 'नको' म्हणतें कीं नाहीं, हें पाहावें. गणपतिपुळ्याचा समुद्र डोळ्यांना जितका सुंदर तितकाच स्नानाला धोक्याचा आहे. तेथें आणि अशा इतर किनाऱ्यांवर दर वर्षीं सहलीला आलेल्या तरुणांचे प्राण गेल्याच्या वार्ता येतात. ओहोटीच्या वेळीं पाणी पाय ओढतें, वाळू पायांखालून सरकते, आणि पोहतां येणाऱ्याचाहि इलाज चालत नाहीं. ज्या पुस्तकांत भरती-ओहोटीचा शब्दहि नाहीं आणि सर्वच किनारे 'सुरक्षित' आहेत, तें फुकट मिळालें तरी घेऊं नये. जो लेखक खानावळीच्या गैरसोयीबद्दल, चढणीबद्दल आणि समुद्राबद्दल सावध करतो, त्यानें केलेली स्तुतीच खरी मानावी.

याशिवाय लहानसान गोष्टी आहेत. पण त्यांनींच प्रवास सुखाचा होतो. अक्षर इतकें मोठें असावें कीं मोटारींत किंवा आगगाडींत हलत्या हातांनीं वाचतां यावें. बांधणी शिवलेली असावी; नुसत्या डिंकाच्या पुस्तकाचीं पानें दमट हवेंत सुटतात. कोंकणांत घरगुती जेवण हवें असल्यास आगाऊ सांगावें लागतें, हर्णैच्या बंदरांत मासळीचा लिलाव पाहावयाचा तर सायंकाळीं जावें लागतें, उन्हाळ्यांत दुपारीं सड्यावर सावली नसते, अशा गोष्टी ज्यांत आहेत त्या पुस्तकाचा लेखक तेथें खरोखर राहून आला आहे असें समजावें.

येथें कोणी म्हणेल कीं, हल्लीं खिशांतला फोन वाट दाखवितो, वेळा सांगतो, खोल्याहि मिळवून देतो. मग पुस्तकाची गरज काय? फोनचा उपयोग नाकारण्याचें कारण नाहीं. पण फोन विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देतो. कशेळीच्या सड्यावर हत्ती कोरला आहे हें ज्याला ठाऊकच नाहीं, तो तें विचारणार कसा? शिवाय घाटांत आणि खाडीकांठीं कित्येक जागीं फोनला आवाज लागत नाहीं, आणि नेमकी तेथेंच वाट चुकते. फोनवर लिहिणाऱ्यांपैकीं कोण स्वतः गेला होता आणि कोण दुसऱ्याचें उतरवून घेतो, हें कळणेंहि कठीण असतें. म्हणून पुस्तकानें बेत ठरवावा आणि फोनानें तो निघण्यापूर्वीं ताडून पाहावा, ही वांटणी योग्य.

ही वांटणी सदाशिव पेठेंतील घरांत कशी उपयोगी पडली, तें आतां सांगतां येईल. त्या रात्रीं सगळे निजल्यावर गृहस्थांच्या पत्नीनें तें गुळगुळीत पुस्तक हातांत घेतलें. प्रवासाच्या सोयींचें पान वाचतां वाचतां त्यांना एक वाक्य लागलें. त्यांत कोंकण रेल्वेचें काम जोरांत चालू असल्याचें लिहिलें होतें. त्यांनीं पहिलें पान उलटलें. वेष्टण नवें होतें. मजकूर पुनर्मुद्रित होता. सकाळीं चहा देतांना त्या म्हणाल्या, "अहो, हें पुस्तक रेल्वे होण्याच्या आधींचें आहे. आंजर्ल्याचें जें यांत लिहिलें आहे, तें अजून तसेंच आहे कशावरून?" गृहस्थांनीं थोडी कुरकुर केली, पैसे तर खर्च झालेच होते. पण प्रश्नाला उत्तर नव्हतें.

दुपारीं त्या ग्रंथालयांत गेल्या आणि दापोलीवरचीं तीन पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवून एकच पान तिन्हींत वाचलें. सर्वांत साध्या बांधणीच्या, पण सर्वांत नव्या आवृत्तीच्या पुस्तकांत स्वच्छ लिहिलें होतें कीं, खाडीवर आतां पूल आहे, होडीची गरज नाहीं, आणि गाडीरस्ता थेट वर देवळाजवळ जातो. त्यांनीं तेंच पुस्तक विकत घेतलें. आणि आंजर्ल्यांतील ज्या घरीं उतरावयाचें होतें तेथें फोन करून मोटार वर कोठपर्यंत जाते आणि पुढें चालावें किती लागतें, हेंहि विचारून घेतलें. संध्याकाळीं त्यांनीं सासूबाईंना सांगितलें, "आई, हर्णैहून हात जोडायला नकोत. तुम्हांला वर नेतां येतें." मातोश्रींनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. थोड्या वेळानें त्या उठल्या आणि कपाटांतली ठेवणींतली साडी काढून पाहूं लागल्या.

वाटाड्या पुस्तकाचें काम येथें संपत नाहीं. प्रवासाहून परत आल्यावर तें अडगळींत जाऊं नये. जें चुकीचें आढळलें तें समासांत पेन्सिलीनें सुधारावें, जें राहिलें तें लिहून ठेवावें, आणि मोठी चूक असेल तर प्रकाशकाला एक पत्र टाकावें. पुढली आवृत्ति त्यानेंच सुधारते. शेजाऱ्यानें मागितलें तर असें टिपणांसह पुस्तक द्यावें. ज्या श्रोत्यांच्या घरीं अशीं जुनीं पुस्तकें असतील त्यांनीं तीं टाकून देण्याचीहि घाई करूं नये. वाट दाखविण्यास तीं निरुपयोगी झालीं, तरी त्या मुलखांत पूर्वीं कसें जात असत, हें सांगण्यास तींच उपयोगी आहेत. मातोश्रींच्या लहानपणींची ती होडी त्या गुळगुळीत पुस्तकाच्या जुन्या मजकुरांतच शिल्लक आहे. म्हणून तें पुस्तकहि त्या घरांत जपून ठेवलें आहे.

नव्या पुस्तकांत मात्र आंजर्ल्याच्या पानावर, समासांत, सुनबाईंच्या हातची एक ओळ आहे : गाडी वर येते, पुढें थोडें चालावें लागतें, आई स्वतः चालल्या.